विश्लेषण : श्वानाला मुक्काम मान्य, पायवाट बंद… अमेरिकेतील ‘स्टेट पार्क’मध्ये असे नियम का?

शनिवार-रविवारची सुट्टी, मोटारीमागे जोडलेला किंवा भाड्याने घेतलेला कॅम्पर आणि घरातला सदस्य म्हणून सोबत निघालेला श्वान. अमेरिकेतील उन्हाळी सहलीचे हे नेहमीचे चित्र. ही सहल बहुतेक वेळा राष्ट्रीय उद्यानाऐवजी जवळच्या ‘स्टेट पार्क’मध्ये, म्हणजे राज्य सरकारच्या अखत्यारीतील उद्यानात जाते. १ जानेवारी २०२६ पासून निवडक राष्ट्रीय उद्यानांत परदेशी पर्यटकांसाठी शुल्क मोठ्या प्रमाणात वाढले. त्यामुळे मुलांकडे अमेरिकेत जाणाऱ्या मराठी आई-वडिलांसाठीही राज्य उद्यानांचा पर्याय महत्त्वाचा झाला आहे. मात्र तेथे श्वानाला नेता येते याचा अर्थ सगळीकडे नेता येते असा नाही.

राष्ट्रीय उद्यान आणि ‘स्टेट पार्क’ यांत फरक काय?

यलोस्टोन हे अमेरिकेतील पहिले राष्ट्रीय उद्यान १८७२ चे. पण त्याआधी आठ वर्षे, १८६४ मध्ये, अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी योसेमिटीचे खोरे आणि मारिपोसा येथील महावृक्षांची राई कॅलिफोर्निया राज्याच्या स्वाधीन केली होती. ती जमीन १९०६ मध्ये पुन्हा केंद्राकडे गेली. न्यूयॉर्क राज्याने १८८५ मध्ये नायगारा धबधब्याभोवतीची जमीन राखीव केली. आजही ते उद्यान राज्याच्याच ताब्यात आहे. म्हणजे राज्य उद्यान ही राष्ट्रीय उद्यानाची धाकटी आवृत्ती नव्हे, दोन्ही कल्पना बरोबरीने वाढल्या.

दोन्हींच्या हेतूंतील फरक विसाव्या शतकात स्पष्ट झाला. राष्ट्रीय उद्यान सेवेचे पहिले संचालक स्टीफन मॅथर यांनी १९२१ मध्ये आयोवातील डी मॉइन येथे राज्यांच्या प्रतिनिधींची परिषद बोलावली. प्रत्येक निसर्गरम्य जागा राष्ट्रीय उद्यान व्हावी हा आग्रह त्यांना परवडणारा नव्हता. मोटार घेऊन निघालेल्या सामान्य कुटुंबाला घरापासून जवळ, मुक्कामाची सोय असलेली हिरवी जागा राज्यांनी द्यावी, असा विचार त्यातून रुजला. महामंदीच्या काळात, १९३३ ते १९४२ दरम्यान, ‘सिव्हिलियन कन्झर्वेशन कोअर’ या रोजगार योजनेतील सुमारे ३० लाख तरुणांच्या श्रमातून शेकडो राज्य उद्यानांतील रस्ते, लाकडी झोपड्या, धरणे आणि पायवाटा उभ्या राहिल्या. त्यांतील दगडी बांधकामे आजही वापरात आहेत.

आज राष्ट्रीय उद्यान सेवेकडे सुमारे साडेआठ कोटी एकर जमीन आहे आणि २०२४ मध्ये तेथे विक्रमी ३३ कोटी १९ लाख भेटी नोंदल्या गेल्या. राज्य उद्यानांची एकत्रित जमीन दोन कोटी एकरांच्याही आत आहे, पण तेथील वार्षिक भेटींचा आकडा ८० कोटींच्या पुढे जातो. पाव हिश्श्याहून कमी जमिनीवर दुपटीहून अधिक माणसे. श्वानाबाबतचे नियम समजून घेताना हे गणित लक्षात ठेवावे लागते.

श्वानांबाबतचे नियम काय आहेत?

केंद्राच्या नियमावलीनुसार राष्ट्रीय उद्यानात पाळीव प्राणी सहा फुटांपेक्षा लांब नसलेल्या दोरीने बांधलेलाच हवा. तो कुठे न्यायचा हे त्या उद्यानाचे अधीक्षक ठरवतात. त्यामुळे प्रत्येक ठिकाणी चित्र वेगळे. यलोस्टोनमध्ये श्वानाला रस्ता, वाहनतळ किंवा तंबूतळापासून १०० फुटांपलीकडे नेता येत नाही, पायवाटा आणि लाकडी मार्गिका तर पूर्ण बंद. ग्रेट स्मोकी माउंटन्समध्ये दोनच छोट्या वाटा खुल्या आहेत. याउलट व्हर्जिनियातील शेनान्डोह उद्यानात ५०० मैलांच्या पायवाटांपैकी जेमतेम २० मैल वगळता सर्वत्र श्वान चालतो.

राज्य उद्यानांत सर्वसाधारण सूर अधिक मोकळा आहे, पण पन्नास राज्यांची पन्नास पुस्तके. बहुतेक ठिकाणी दोरी सहा फुटांची, वॉशिंग्टन राज्यात आठ फुटांची. न्यूयॉर्कमध्ये रेबीज लसीकरणाचे प्रमाणपत्र जवळ ठेवावे लागते. पेनसिल्व्हेनियात श्वानासह मुक्काम फक्त ठरवून दिलेल्या जागांवर आणि जादा शुल्क भरून. कॅलिफोर्नियात रात्री श्वान तंबूत किंवा बंद वाहनातच असला पाहिजे. तिथल्या रेडवूडच्या राज्य उद्यानांत त्याला तंबूतळ आणि डांबरी रस्ता खुला असतो, मात्र जंगलातील पायवाटा सहसा बंद. टेक्सासमध्ये बहुतेक पायवाटा खुल्या आहेत, पण ऑस्टिनहून अनेक जण जातात त्या ‘एन्चान्टेड रॉक’च्या शिखराच्या वाटेवर श्वान चालत नाही.

एक गैरसमज येथे दूर करायला हवा. अपंग व्यक्तीच्या मदतीसाठी प्रशिक्षित केलेला श्वान या बंदीतून वगळलेला असतो. ‘भावनिक आधारा’साठी पाळलेल्या श्वानाला ती सवलत नाही. इंटरनेटवरून विकत घेतलेले प्रमाणपत्र आणि छापील जाकीट रेंजरसमोर कामाचे नाही.

पायवाटेवरच बंदी का?

पहिले कारण श्वानाच्याच जिवाचे. १९८१ मध्ये यलोस्टोनमधील उकळत्या झऱ्यात मित्राचा कुत्रा पडला म्हणून त्याला वाचवायला उडी घेतलेला तरुण भाजून मरण पावला. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याच उद्यानात एका तरुणीने असाच प्रयत्न केला. ती गंभीर भाजली आणि कुत्रा वाचला नाही. अस्वलाच्या प्रदेशात मोकळा सुटलेला कुत्रा अस्वलावर भुंकतो आणि ते मागे लागले की पळत मालकाकडेच येतो. साळिंदराचे काटे, विषारी खुळखुळ्या साप, गोचिडी, उन्हाळ्यात तलावावर येणारे विषारी निळे-हिरवे शेवाळ ही यादी त्यापुढे.

दुसरे कारण वन्यजीवांचे, आणि येथे पुरावा बहुतेकांना वाटतो त्यापेक्षा गुंतागुंतीचा आहे. सिडनीजवळच्या वनांत झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात माणूस श्वानासह चालून गेल्यावर त्या वाटेवरील पक्ष्यांच्या जाती ३५ टक्के आणि संख्या ४१ टक्के घटल्याचे दिसले. हे श्वान दोरीने बांधलेले होते. नेहमी श्वान फिरतात अशा वाटांवरचे पक्षीही सरावले नव्हते. माणूस एकटा चालला तर होणारा परिणाम साधारणपणे याच्या निम्म्याहून कमी होता. बेल्जियममध्ये शहरालगतच्या संरक्षित क्षेत्रांत मोजणी झाली. श्वानांच्या मलमूत्रातून वर्षाला हेक्टरी सुमारे ११ किलो नत्र आणि ५ किलो स्फुरद जमिनीत पडत असल्याचा अंदाज २०२२ मध्ये मांडला गेला. शेतकऱ्याला ही फुकटची खतमात्रा वाटेल, पण रानफुलांच्या अनेक जाती कमी कसाच्या जमिनीतच टिकतात. खत वाढले की दांडगे गवत त्यांना दाबून टाकते.

मात्र उत्तर कॅलिफोर्नियातील संरक्षित क्षेत्रांत रानमांजर, कोयोटी अशा मांसभक्षकांवर झालेल्या, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष वेगळा होता. श्वानांना परवानगी आहे की बंदी, याने या प्राण्यांच्या उपस्थितीत फारसा फरक पडत नव्हता. फरक पडत होता तो माणसांच्या वर्दळीने. श्वानबंदीची पाटी लावून वाहनतळ दुप्पट करणाऱ्या उद्यानाने हा निष्कर्ष वाचायला हवा. जमिनीवर घरटी करणाऱ्या किनारी पक्ष्यांच्या विणीच्या हंगामात श्वानबंदी हवीच, त्याबाबत वाद नाही. पण सरसकट बंदी हा वर्दळ आवरण्याचा पर्याय होऊ शकत नाही. त्यापेक्षा वाटेगणिक नियम करणारी उद्याने अधिक विचार करतात, असे म्हणता येईल.

मग प्रत्यक्ष अडचण कुठे येते?

अडचण दोन नियमांच्या मधल्या फटीत आहे. पायवाटेवर श्वान नको, हा एक नियम. श्वानाला मुक्कामाच्या जागी एकटे सोडू नये, हा अनेक राज्य उद्यानांतील दुसरा नियम. दोन्ही पाळायचे तर कुटुंबातील एकाने कायम तळावर थांबायचे. धबधबा पाळीपाळीने बघायचा. (भारतातून आलेले आजी-आजोबा सोबत असतील तर ही पाळी कोणाकडे जाते, हे सांगायला नको.) बरेच जण तसे करत नाहीत. कॅम्परमध्ये वातानुकूलन यंत्र लावून, खिडक्या बंद करून श्वानाला आत ठेवतात आणि तीन-चार तासांच्या वाटेला निघतात. कॅम्पर म्हणजे घरच, ही समजूत त्यामागे असते.

कॅम्परची वीज घरासारखी नसते. तळावरच्या खांबावरून मिळणारी जोडणी बहुधा ३० अॅम्पिअरची असते. १२० व्होल्टच्या हिशेबाने ती जास्तीत जास्त ३,६०० वॉट देते. छतावरचे वातानुकूलन यंत्र त्यातील दीड हजार वॉटच्या आसपास घेते आणि सुरू होताना क्षणभर त्याहून बरेच जास्त. त्याच वेळी पाणी तापवण्याचे यंत्र आणि फ्रिज विजेवर असेल तर खटका पडायला वेळ लागत नाही. जुलैच्या दुपारी तळावरचा प्रत्येक कॅम्पर हेच यंत्र चालवत असल्याने व्होल्टेजही घसरते. खटका पडला की यंत्र बंद, आणि तो पुन्हा चढवायला कोणी नाही. अनेक राज्य उद्यानांच्या जुन्या तळांवर तर वीजजोडणीच नसते आणि जनित्र ठरावीक तासांतच चालवता येते.

आतले तापमान किती वेगाने चढते? अमेरिकन व्हेटरनरी मेडिकल असोसिएशनच्या तक्त्यानुसार बाहेर २१ अंश सेल्सिअस असताना बंद मोटारीत दहा मिनिटांत ३२ आणि अर्ध्या तासात ४० अंश होतात. २१ अंश म्हणजे पुण्याची हिवाळ्यातील सुखद सकाळ. कॅम्पर मोटारीपेक्षा मोठा असल्याने थोडा अधिक वेळ घेईल, पण त्याच्या भिंती आणि छत पातळ असते. श्वानाला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच तो शरीर थंड ठेवतो. आसपासची हवाच तापली की तो मार्ग बंद होतो. बसक्या नाकाचे पग, बुलडॉग आणि दाट केसांचे हस्की यात आधी सापडतात. शरीराचे तापमान ४१ अंशांच्या वर गेले की अवयव निकामी होऊ लागतात.

आतले तापमान मोबाइलवर कळवणारी उपकरणे आता सर्रास विकली जातात. पण ती मोबाइल नेटवर्कवर चालतात आणि दरीतल्या उद्यानात नेटवर्क मिळत नाही म्हणूनच तर लोक तिथे जातात. कायदाही मदतीला येतो, पण उशिरा. तापलेल्या वाहनात प्राणी सोडणे अनेक राज्यांत गुन्हा आहे. कॅलिफोर्नियात २०१७ पासून, आधी पोलीस किंवा अन्य यंत्रणेला कळवून आणि दुसरा मार्ग नसल्यास, कोणीही नागरिक काच फोडून प्राण्याला बाहेर काढू शकतो.

यावरचा उपाय काही नवा शोध नाही. पायवाटेची सुरुवात जिथे होते, तिथेच श्वान सांभाळण्याची सशुल्क सोय. ग्रँड कॅनियन राष्ट्रीय उद्यानाच्या दक्षिण कड्यावर ती आहे. राज्य उद्यानांत ती जवळपास नाहीच, कारण त्यासाठी माणसे आणि पैसा लागतो.

कॅम्परसाठी जागा मिळणे इतके अवघड का झाले?

करोनाकाळात विमाने आणि हॉटेले बंद झाली तेव्हा अमेरिकी मध्यमवर्गाने कॅम्पर विकत घेतले. २०२१ मध्ये कारखान्यांतून सहा लाखांहून अधिक अशी वाहने बाहेर पडली. तो विक्रम होता. २०२३ मध्ये हा आकडा सव्वातीन लाखांच्या खाली आला. विक्री घसरली तरी आधी विकलेली वाहने रस्त्यावर आहेतच. इंडियाना राज्यातील एल्खार्ट परिसरात, जिथे या उद्योगाचे केंद्र आहे, तेथे मंदी आली. तळांवरची गर्दी मात्र तशी ओसरली नाही. करोनाकाळात पाळलेले श्वानही आता ऐन उमेदीत आहेत.

तळावरच्या जागा त्या प्रमाणात वाढल्या नाहीत. कॅलिफोर्नियात आरक्षण सहा महिने आधी खुले होते, न्यूयॉर्कमध्ये नऊ महिने आधी. लोकप्रिय ठिकाणच्या शनिवार-रविवारच्या जागा काही मिनिटांत संपतात. श्वानासाठी वेगळ्या जागा असतील तर निवड आणखी आकसते. जागा अडवून ठेवायची आणि जायचेच नाही, या सवयीला आळा घालण्यासाठी कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये कायदा करून ऐनवेळी रद्द करणाऱ्यांवर आणि न येणाऱ्यांवर आर्थिक भुर्दंड लावण्याची तरतूद केली.

जमीन वाढवणे हा खरा मार्ग. टेक्सासच्या मतदारांनी २०२३ मध्ये नवी राज्य उद्याने घेण्यासाठी एक अब्ज डॉलरच्या निधीला मंजुरी दिली. पण त्याच वर्षी त्या राज्याने फेअरफिल्ड लेक हे १९७० च्या दशकापासूनचे उद्यान गमावले. त्याची जमीन वीज कंपनीकडून भाडेपट्ट्याने घेतलेली होती. ती विकासकाला विकली गेली आणि तंबू-कॅम्परवाल्यांना फाटक बंद झाले.

नव्या शुल्काचा मराठी कुटुंबांवर काय परिणाम?

यलोस्टोन, योसेमिटी, ग्रँड कॅनियन, झायन, ग्लेशिअर यांसह ११ राष्ट्रीय उद्यानांत १६ वर्षे आणि त्यावरील परदेशी रहिवाशाला, वार्षिक पास नसल्यास, नेहमीच्या प्रवेशशुल्काशिवाय माणशी १०० डॉलर द्यावे लागतात. अमेरिकी रहिवाशांसाठी ८० डॉलरचा असलेला वार्षिक पास परदेशी पर्यटकांसाठी २५० डॉलरचा झाला. मुलाकडे आलेल्या आई-वडिलांचे पासाविना दोनशे डॉलर केवळ फाटकावर. राज्य उद्यानांतही परराज्यातील पाहुण्यांकडून अनेकदा जास्त आकारणी होते, पण ती बऱ्याच ठिकाणी वाहनामागे किंवा मुक्कामाच्या जागेमागे असते, माणसाचा देश विचारून नव्हे.

त्यामुळे न्यू जर्सी, टेक्सास किंवा बे एरियातील मराठी घरांतून अशा सहली वाढल्या, तर नवल नाही. कॅम्पर भाड्याने घेताना श्वानाची परवानगी वाहनमालकाकडूनही स्वतंत्रपणे घ्यावी लागते. भारतातून श्वान नेणाऱ्यांसाठी ऑगस्ट २०२४ पासून नियम कडक झाले आहेत. रेबीजचा धोका अधिक असलेल्या देशांत भारताची गणना होत असल्याने मायक्रोचिप, लसीकरणाचे प्रमाणित दाखले आणि किमान सहा महिने वय या अटी पाळाव्याच लागतात.

महाराष्ट्रात अशी सोय का नाही?

महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले. वाहन उभे करण्याची जागा, पाणी, वीज, स्वच्छतागृह असलेल्या ‘कॅराव्हॅन पार्क’ची कल्पना त्यात आहे. वाहनाची सोय झाली, पण ते कुठे न्यायचे? आपल्याकडे एका टोकाला वन्यजीव संरक्षण कायद्याखालील राष्ट्रीय उद्याने आणि अभयारण्ये आहेत, दुसऱ्या टोकाला नगरपालिकेची बाग. दोन्हींच्या मधली, सार्वजनिक मालकीची, मुक्कामाची आणि मनोरंजनासाठीच राखलेली मोठी हिरवी जागा हा प्रकार जवळपास नाही. म्हणून श्वान घेऊन निघालेले कुटुंब किल्ल्यावर, समुद्रकिनारी किंवा खासगी शेतघरावर जाते.

अभयारण्यात श्वानाला मज्जाव हवा, याला येथे अमेरिकेपेक्षा ठोस कारण आहे. २०१८ मध्ये गीरमध्ये वीसहून अधिक सिंह काही आठवड्यांत दगावले, त्यामागे श्वानांतही आढळणारा कॅनाइन डिस्टेंपर विषाणू हे एक कारण होते. सोलापूरजवळच्या नान्नज माळढोक अभयारण्याच्या परिसरात झालेल्या संशोधनात गावकुत्र्यांमध्ये या विषाणूचा मोठा प्रादुर्भाव होऊन गेल्याचे आढळले आणि खोकडांनाही त्याची लागण झाल्याचे दिसले. लस टोचलेला, दोरीला बांधलेला घरचा श्वान हा या साखळीतील लहान दुवा आहे, पण फाटकावरचा रक्षक प्रत्येकाची लसपुस्तिका तपासू शकत नाही. लसपुस्तिका तपासता येईल, दोरीची लांबी ठरवता येईल आणि वाटेगणिक नियम लावता येतील, अशी जागा अभयारण्याबाहेरच उभी करावी लागेल. त्यासाठी धरणांच्या जलाशयांलगतची सरकारी जमीन आणि सामाजिक वनीकरणाची क्षेत्रे यांचा विचार कॅराव्हॅन धोरणाच्या अंमलबजावणीत होऊ शकतो.